बापाच्या हातातला ग्लास

लेखन कसं सुधारावं यावर बोलायला अलीकडे मला बोलावतात, याचं मला हसू येतं. वाचनालयाच्या ज्या हॉलमधून एकदा मी स्वतःचा लेख परत घेऊन तणतणत खाली उतरले होते, त्याच हॉलमध्ये परवा मला शाल दिली. शाल मी घेतली. आमच्याकडे थंडी नसते, पण शाल चांगली होती. मात्र तंत्र शिकायला आलेल्या मुलामुलींना मी जे सांगते, ते ऐकून आयोजकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मी त्यांना एकच प्रश्न सांगते, आणि तो माझाही नाही. माझ्या आईने तो मला रागाने विचारला होता.

आम्ही मालवणच्या खाडीकाठचे ख्रिस्ती. वडिलांची पावाची भट्टी होती. घराच्या मागच्या अंगाला मातीची भट्टी, तिच्यापुढे पीठ मळायची लाकडाची लांबलचक काथवट, आणि कोपऱ्यात रचलेली लाकडं. पीठ फुगवायला ते यीस्ट वापरत नसत, माडाची ताजी माडी वापरत. रोज संध्याकाळी स्वतः जाऊन माडी काढणाऱ्याकडून ती आणायची, मैद्यात घालायची आणि पीठ झाकून ठेवायचं. सकाळी भाजलेल्या पावाच्या बुडावर टिचकी मारून ते आवाज ऐकायचे. मनासारखा आवाज आला नाही तर पाव बाजूला. मग सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवत थेट देवबागपर्यंत फेरी. बोलणं कमी, राग नाकावर. ते गेल्यावर भट्टी बंद पडली. भाऊ गोव्यात नोकरीला लागला आणि मी इथेच मराठी शाळेत शिकवत राहिले.

नव्याण्णवच्या सुमारास तालुक्याच्या वाचनालयात एक लेखन मंडळ सुरू झालं. रविवारी दुपारी आम्ही दहाबारा जण जमायचो. निवृत्त प्राध्यापक असलेले एक सर ते चालवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला नियमांचा झेरॉक्स कागद दिला. पहिल्या ओळीत वाचकाला पकडा, विशेषणं टाळा, रोज ठरल्या वेळी बसा, आणि शेवटी अधोरेखित करून, प्रादेशिक रंग भरा. मी मुळात शिक्षिका, त्यामुळे कुणी नियम दिले की पाळायची सवय. शाळेला जाण्याआधी उठून लिहायला बसू लागले. स्टाफरूममध्ये मला ‘लेखिकाबाई’ म्हणून चिडवायचे, मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

सरांना नावं ठेवायला माझी जीभ शिवशिवते, पण खोटं कशाला बोलू? त्यांनी मला शिकवलं. वडिलांवर लिहिलेला माझा पहिला लेख त्यांनी परत दिला तेव्हा तिसऱ्या परिच्छेदापाशी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘इथून सुरू करा’. आधीचे दोन परिच्छेद नारळीपोफळी आणि पाखरांवर होते. मी ते काढून टाकले आणि लेख खरंच उभा राहिला. त्या रात्री मी इतकी खूश होते की आईला बसवून सगळा लेख वाचून दाखवणार होते. पण म्हटलं छापून येऊ दे, मग तिच्या हातातच देऊ.

लेख दुसऱ्यांदा वाचल्यावर मात्र सर म्हणाले की माणूस उठून दिसत नाही. ख्रिस्ती आहे हे कळतच नाही. मी म्हटलं, सर, ते रविवारी चर्चला जातात असं लिहिलंय. त्यांनी हात झटकला. फिडल, व्हायोलिन वगैरे वाजवायचे का, असं विचारलं. मी सांगितलं, आमच्या घरात फिडल नव्हतं, फावडं होतं. मंडळातले सगळे हसले, सरही हसले, आणि लेख मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी ठेवून घेतला.

अंक हातात आला तो शाळेला सुट्टी लागायच्या दिवशी. मी तो न उघडता पिशवीत घातला, वाटेत गरम भजी घेतली आणि घरी जाऊन आईच्या हातात अंक दिला. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण वाचायची नीट, बोट ओळीखालून सरकवत. तिने चष्मा लावला. मी भजी ताटलीत काढत तिच्याकडे बघत होते. बोट मध्येच थांबलं. मागे गेलं. पुन्हा त्याच ओळीवरून सरकलं. मग तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

“ह्यां खंय बघलंस गो तू?”

हे कुठे बघितलंस म्हणते, तर मला वाटलं काहीतरी बारीकसारीक चुकलं असेल. अंक घेऊन बघितलं तर माझ्या बापाच्या हातात ग्लास होता. मी लिहिलं होतं की वडील रोज संध्याकाळी माडी आणायचे आणि ती पिठात घालायचे. छापलं होतं की वडील रोज संध्याकाळी माडी आणायचे, आणि तिचा ग्लास हातात घेऊन फिडलच्या सुरांवर अशी काही जुनी गाणी गायचे की सारी वाडी डोलू लागायची. पिठाचा पत्ता नव्हता. पुढे एका ठिकाणी वडिलांच्या तोंडी ‘काय मॅन’ घातलं होतं. माझे वडील मालवणीत बोलायचे, मालवणीत भांडायचे आणि प्रार्थनेपुरती कोंकणी वापरायचे. मॅन हा शब्द त्यांनी जन्मात कुणाला लावला नसेल.

माझ्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. आईला म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही. ती म्हणाली, वर तुझं नाव आहे. आणि उठून आत गेली. भजी तशीच राहिली.

ज्यांनी आमच्यावर लिहिलेलं काही वाचलंय किंवा पडद्यावर बघितलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मराठीत ख्रिस्ती माणूस आला की त्याच्या हातात आधी बाटली येते, मग गिटार नाहीतर फिडल, आणि बायको असली तर तिच्या अंगात फ्रॉक. माझी आई आयुष्यभर नऊवारी नेसली. वडील नाताळला आणि लग्नात एखादा ग्लास घ्यायचे, तोही औषध घेतल्यासारखं तोंड करून. पण हे कुणाला सांगणार? वाचणाऱ्याला आमचा तोच अवतार पाठ आहे, आणि आता तर तो पोरीने स्वतः लिहून दिला होता.

वाडीत अंक हां हां म्हणता फिरला. मीच शहाणीने घरी येताना वाटेत दोन घरांत जादा प्रती कौतुकाने दिल्या होत्या. शेजारच्या टेलरने तर बायकामाणसांना दुकानात बसवून वाचून दाखवला. वाईट मनाने नव्हे, त्याला मजा वाटली. पण त्यानंतर आई रस्त्याने निघाली की कुणीतरी फिडलचा विषय काढायचं. ती पावलं उचलून पुढे व्हायची. चर्चमधून परतताना मागच्या पाणंदीने यायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मेच्या आधी खरी अडचण उभी राहिली. आमच्या वाडीच्या तिठ्यावर एक खुरीस आहे, चुन्याने रंगवलेला क्रॉस. मे महिन्यात तिथे लदीन होते, म्हणजे संध्याकाळी सगळे जमून प्रार्थना म्हणतात, गातात. दरवर्षी एका घराची पाळी. त्या घराने खुरसाला हार घालायचा, आणि प्रार्थना झाल्यावर जमलेल्यांना उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे आणि रिवाजापुरता दारूचा एकेक ग्लास द्यायचा. हिंदू शेजारीही येतात, चणे सगळेच खातात. त्या वर्षी पाळी आमची होती, आणि ती लदीन वडिलांच्या नावाने करायची हे आईने ते गेले तेव्हाच ठरवलं होतं. एप्रिलमध्ये मी चण्यांचं विचारलं, तर ती म्हणाली की पाळी दुसऱ्या घराला देऊन टाक.

“त्या खुरसासमोर मी ग्लास भरूचंय नाय,” ती म्हणाली. “लोक माझ्या हाताकडे बघतले आणि हसतले.”

बापाच्या नावाची प्रार्थना बापाच्या बायकोला करता येत नव्हती, आणि कारण माझं लिखाण होतं. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तशीच मालवणची एसटी पकडली.

सर हॉलमध्ये एकटेच होते. पुढच्या अंकात चूक छापा, एवढंच माझं म्हणणं होतं. सरांना ती चूक वाटतच नव्हती. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावून सांगितलं की साहित्यातलं सत्य आणि रोजचं वास्तव यांत फरक असतो. वाचकांना नेमकं तेच वाक्य आवडलं, दोघा-तिघांनी मुद्दाम कळवलं. मग त्यांनी खरी गोष्ट काढली. किनाऱ्यावरच्या माणसांच्या व्यक्तिचित्रांचं एक पुस्तक ते संपादित करत होते आणि त्यात माझा लेख घेणार होते, छापला तसाच. फिडल काढलं तर लेख कोरडा पडेल, असं त्यांचं मत होतं.

पुस्तकात नाव यावं असं मला वाटत नव्हतं असं म्हणणारी मी कोण? खूप वाटत होतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

“सर, माझ्या बापाला तुम्ही दारू पाजलीत,” मी म्हटलं. “मेलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही. मी म्हणते. लेख परत द्या.”

त्यांनी दिला. देताना एवढंच म्हणाले की अशा हट्टाने लेखक होता येत नाही. मी म्हटलं, नाही तर नाही. आणि जिन्यावरून खाली उतरताना माझ्या लक्षात आलं की मला वाईट वाटत नाहीये. राग होता, आणि रागाने डोकं कधी नव्हे इतकं स्वच्छ झालं होतं.

मी लेख नव्याने लिहायला घेतला तो त्या रागातच. नियमांचा कागद बाजूला ठेवला. बंद भट्टीच्या दारात पाट टाकून बसायचे, एकेक वाक्य मोठ्याने वाचायचे आणि आईच्या आवाजात स्वतःला विचारायचे, ह्यां खंय बघलंस गो तू? सरांच्या वाक्यांची वाट लागणार हे मला माहीत होतं. माझ्या वाक्यांची इतकी लागेल असं वाटलं नव्हतं. ‘समुद्राची गाज ऐकत ते कामाला लागत.’ आमच्या घरी गाज ऐकू येत नाही, खाडी आहे. गेलं. ‘त्यांच्या डोळ्यांत कष्टाचं समाधान असे.’ डोळ्यांत? भट्टीच्या धुराने त्यांचे डोळे कायम लाल असायचे, समाधान मला कधी दिसलं नव्हतं. गेलं. ‘पावाच्या वासाने वाडी जागी होई.’ वाडी कोंबड्यांनी आणि वडिलांच्या ओरडण्याने जागी व्हायची. हेही गेलं, आणि हे तर मी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं.

असं करता करता निम्मा लेख उडाला. जे उरलं त्याला कुणी हात लावू शकणार नव्हतं. ओल्या गोणपाटाने भट्टीचा तळ पुसताना होणारा चर्र आवाज. टिचकी मारताना डावा कान खाली करणं, कारण उजव्याने कमी ऐकू यायचं. खुरसापाशी मिळालेला ग्लास नुसता ओठाला लावून शेजारच्या टेलरच्या हातात देणं. विशेषणं टाळा असं मला वर्षभर सांगत होते आणि मला जमत नव्हतं. या प्रश्नापुढे ती आपोआप गळून पडली.

हा लेख मी आईला आधी वाचून दाखवला. खुरसापाशी मी तो वाचते, मग तू ग्लास भर, असं माझं म्हणणं. ती लक्ष देऊन ऐकत होती, दोनतीन ठिकाणी मानही हलवली. मग टेलरचा प्रसंग आला. एकदा टेलर भट्टीच्या दारात उभा राहून म्हणाला होता की पावाला आंबूस वास येतो. वडिलांनी भट्टीतून काढलेला गरम पाव उचलला आणि त्याच्या छातीवर फेकून मारला. वर शिव्या दिल्या. पुढे कित्येक महिने त्या घराला पाव घातला नाही.

आई म्हणाली, हे काढ. लदीन त्याच्या आत्म्यासाठी आहे, तिथे हे वाचायचं नाही. लोक म्हणतील भांडखोर होता.

“ह्यां मियां बघलंय,” मी म्हटलं. “दारात उभी रवान बघलंय.”

“बघलंस म्हणान सगळां सांगूक व्हयां काय?”

तिच्याशी मी सहसा वाद घालत नाही. त्या दिवशी घातला. एकाने त्यांना झिंगवलं, तू त्यांना संत करणार, मग माझा बाप कुणी सांगायचा? मी काही न बघितलेलं लिहिलं तर तू मला दरडावतेस, आणि बघितलेलं लिहिलं तरी दरडावतेस. यातलं एकच चालेल. आई रागाने चणे निवडत राहिली. उठली तेव्हा म्हणाली, तुला हवं ते कर, बापाच्या वळणावर गेलीस. ग्लास भरणार की नाही ते तिने सांगितलं नाही.

लदीनच्या संध्याकाळी वाडी झाडून जमली. फिडलचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे एरवी न येणारेही आले होते. प्रार्थना झाली, गाणी झाली. चण्यांचं पातेलं आईच्या पुढ्यात होतं आणि ग्लास पालथे घातलेले. खुरसापाशी याआधी कुणी असं काही वाचलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. उभी राहिले आणि सांगितलं की दिवाळीच्या अंकात जे आलं ते माझं नव्हतं, माझं हे आहे.

भट्टीचं वाचलं तेव्हा म्हातारी माणसं पुढे सरकली. माडी पिठात जाते तिथे एकाने जोरात हुंकार दिला. ग्लास टेलरच्या हातात जातो तिथे सगळ्यांनी टेलरकडे बघितलं आणि हशा पिकला. मग पाव फेकल्याचं आलं. मी मान वर न करता वाचलं, शिव्या सोडून सगळं. हशा थांबला. वाचून झाल्यावर मी आईकडे बघायचं धाडस केलं नाही, टेलरकडेच बघितलं. एवढ्या माणसांत मी त्याची अब्रू काढली होती, तो उठून गेला असता तरी मी काही म्हणू शकले नसते.

तो उठला, पण गेला नाही. छातीवर हात फिरवला.

“लागलो माका तो,” टेलर म्हणाला. “पण पाव बरो होतो.”

मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. कुणी त्याला विचारलं, मग आंबूस वासाचं काय? तो म्हणाला, वास होताच, मी अजून म्हणेन. त्यावरून दोन म्हाताऱ्यांचं जुंपलं, माडीच्या पावाला वास असतो की नसतो. वडिलांवरून वाडीत भांडण लागलं होतं आणि त्यात फिडलचं नाव कुणी काढत नव्हतं. मी आईकडे वळले. तिने ग्लास सुलटे केले होते आणि भरायला घेतले होते. पहिला ग्लास तिने टेलरला दिला.

सरांचं पुस्तक पुढे दोन वर्षांनी आलं, माझ्याशिवाय. चांगलं निघालं, मी विकत घेऊन वाचलं. कुडाळच्या एका छोट्या प्रेसमध्ये मी माझं पुस्तक छापलं ते बऱ्याच उशिरा, आणि त्यातलं एकही वाक्य कुणाला हलवू दिलं नाही. हेकट म्हणून नाव झालं. होऊ दे. आज शिबिरात कुणी विचारतं की बाई, मग कल्पना करायचीच नाही का? करा, भरपूर करा. पण आपल्या माणसाच्या तोंडी काही घालताना त्याची बायको समोर बसून चष्मा लावतेय असं समजा.

त्या रात्री खुरसापासून आम्ही दोघी रिकामं पातेलं दोन बाजूंनी धरून घरी येत होतो. लेखात मी एक वाक्य घातलं होतं, की वडील गात नसत. सरांना ठणकावून सांगण्यासाठीच ते होतं. आई पाणंदीशी थांबली आणि म्हणाली की ते तेवढं चुकलं.

“भट्टीत गायचो तो. तुमी उठूच्या आदी.”

मी जागच्या जागी उभी राहिले. सरांचं खरं निघालं की काय, असं क्षणभर वाटून संताप आला. मग लक्षात आलं की सरांचं नव्हे, हिचं खरं होतं. त्यांनी घातलं होतं ते अंदाजाने, आणि अंदाज बरोबर आला म्हणून तो त्यांचा होत नाही.

“मियां आयकूक नाय कधी,” मी म्हटलं. “मग कसां लिवू?”

“मियां आयकलंय. मियां सांगलंय म्हणान लिव.”

“काय गायचे?”

तिने पातेल्याचा कान नीट धरला आणि चालू लागली.

“तां माका ठावक.”

मी नंतर पुष्कळदा विचारलं. तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही तिच्या वतीने एखादं गाणं तिथे घातलं नाही. पुस्तकात ते असं आहे: माझे वडील भट्टीत गायचे, असं माझी आई सांगते. काय गायचे, ते ती सांगत नाही.